छाया : एक शब्द, अनेक अर्थ
(रुग्णपरीक्षा आणि औषधनिर्मिती या दोन्ही दृष्टींनी एक अभ्यास)

प्रास्ताविक

१८ ऑगस्ट १८६८ रोजी सकाळी चंद्राची छाया अरबी समुद्रावरून पुढे सरकत विजयदुर्गच्या किनाऱ्यावर आली आणि काही मिनिटांसाठी भर दिवसा अंधार झाला. ते खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी देशोदेशीचे निरीक्षक भारतात आले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथे होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्या दिवशी एक पिवळी रेषा दिसली. पुढे त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तीच रेषा नोंदविली. त्या रेषेच्या मागे असलेल्या मूलद्रव्यास 'हेलियम' हे नाव मिळाले आणि १८९५ साली रॅम्झे यांनी ते पृथ्वीवरील खनिजात शोधून काढले. आमच्या गावी किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' दाखवून लॉकियरसाहेबांचे नाव आजही सांगितले जाते. ते स्वतः येथे आले होते ही लोकपरंपरा आहे, त्यांची प्रसिद्ध नोंद मात्र इंग्लंडमधील आहे. पण छायेचा पट्टा या परिसरावरून गेला होता, एवढे खरे.

ही कथा येथे सांगण्याचे कारण असे की, छाया म्हणजे केवळ प्रकाशाचा अभाव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात छायेत उभे राहिल्यावरच दिसतात अशाही काही गोष्टी असतात, आणि चुकीच्या छायेत उभे राहिल्यास समोरचे असूनही दिसत नाही. आपल्या शास्त्रात हा शब्द निदानात येतो, दिनचर्येत येतो आणि भैषज्यकल्पनेतही येतो. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. या अर्थांची गल्लत झाली की तिची किंमत रुग्ण मोजतो. आमच्या हातून अशी गल्लत दोनदा झाली. ती झाकून न ठेवता वैद्यबांधव आणि औषधनिर्माते यांच्यापुढे ठेवावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

१. शब्दाची व्याप्ती

संस्कृतात 'छाया' म्हणजे सावली, तशीच ती प्रतिबिंब, कांती, रंगाची झाक आणि आश्रय या अर्थांनीही येते. पाणिनींच्या व्याकरणात या शब्दासाठी स्वतंत्र नियम आहे : सावली देणाऱ्या वस्तू पुष्कळ असतील तर समासात हा स्त्रीलिंगी शब्द नपुंसकलिंगी होतो. उसाच्या दाट फडाची सावली ती 'इक्षुच्छाय'. प्राकृत वचनाचे संस्कृत रूपांतर दिले जाते त्यालाही 'छाया' म्हणतात. पुराणात सूर्यपत्नी संज्ञेने आपल्या जागी ठेवलेली प्रतिकृती ती छाया, आणि शनी तिचा पुत्र. राहू-केतू हे छायाग्रह. शनीच्या पीडेसाठी तेलात मुख पाहून ते तेल दान करतात, ते छायादान. येथे छाया म्हणजे सावली नव्हे, प्रतिबिंब होय, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

मराठीने हा पसारा वाटून घेतला. उन्हापासून निवारा देते ती सावली, वस्तूच्या आकाराची पडते ती पडछाया, वडीलधाऱ्यांची असते ती छत्रछाया, संकटाचे असते ते सावट आणि रंगाची असते ती छटा. ग्रहणाच्या गणितात गडद भाग तो प्रच्छाया आणि विरळ भाग तो उपच्छाया. यंत्रयुगाने छायाचित्र आणि छायांकित प्रत हे शब्द दिले. क्ष-किरणांनी काढलेले छातीचे चित्रही वस्तुतः छायाच असते. आपल्या जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ जिवंत ठेवला आहे. ती परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या खेळात पडद्यामागचा दिवा हलला की राक्षस लहान होतो वा मोठा होतो, बाहुली मात्र तीच असते. छाया ही वस्तूइतकीच प्रकाशावर अवलंबून असते, हा धडा चिकित्सालयातही लागू पडतो.

२. छाया म्हणजे कांती : रुग्णपरीक्षेतील अर्थ

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील सातव्या अध्यायात छाया आणि प्रभा यांचा विचार आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा एकतिसावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. अष्टांगहृदयात तो शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात येतो. चरकांनी केलेला भेद अत्यंत मार्मिक आहे. वर्ण हा त्वचेचा मूळ रंग. छाया त्या वर्णाला झाकते, प्रभा त्याला उजळविते. छाया जवळून दिसते, प्रभा दुरूनही जाणवते.

महाभूतांनुसार छाया पाच प्रकारची आहे. नाभसी छाया निर्मळ, निळसर व स्निग्ध असते. आग्नेयी शुद्ध तांबूस व दीप्त, आंभसी वैडूर्यासारखी स्वच्छ व सुस्निग्ध, तर पार्थिवी स्थिर, स्निग्ध व घन असते. वायवी मात्र रूक्ष, श्याव-अरुण आणि हतप्रभ असते. ती अशुभ मानली असून विनाश वा मोठे क्लेश सुचविते. प्रभेचे रक्त, पीत, सित, श्याव, हरित, पांडुर व असित असे सात प्रकार सांगितले आहेत.

हे वर्णन आपण पदवीच्या काळात पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. छाया जवळून पाहावयाची असेल, तर पाहण्यासाठी योग्य प्रकाश हवा. ग्रंथकारांना हे वेगळे सांगण्याची गरज वाटली नसावी. त्यांच्या काळी निळी ताडपत्री नव्हती आणि पिवळा दिवाही नव्हता.

आमचा अनुभव असा. काही वर्षांपूर्वी आषाढात, भातलावणीच्या दिवसांत, एक मध्यमवयीन शेतकरी ज्वर व अंगमर्द घेऊन आमच्याकडे आले. पावसामुळे दवाखान्याच्या पडवीवर आम्ही निळी ताडपत्री बांधली होती आणि गर्दी असल्याने त्यांना तेथेच तपासले. पोटऱ्या विशेष दुखत होत्या, डोळे थोडे लाल होते. वातकफज्वर समजून औषध दिले. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन परत आल्या. आम्ही पडवीत पोचण्यापूर्वीच अंगणातून त्यांनी हाक दिली, "डॉक्टरांनू, ह्यांचे डोळे हळदीसारखे दिसतत!" पावसाने उघडीप दिली होती. अंगणातल्या उजेडात नेत्रांचा पीतवर्ण स्पष्ट होता. त्याच माणसास पडवीत ताडपत्रीखाली आणले, तर तो रंग मळकट पांढरा वाटावा इतका झाकला गेला. मूत्राचे प्रमाणही घटले होते. तत्काळ जिल्हा रुग्णालयात पाठविले. निदान लेप्टोस्पायरोसिसचे झाले, आणि रुग्ण बऱ्याच दिवसांच्या उपचारानंतर बरे झाले. त्याचे श्रेय आमचे नव्हे, त्या माऊलीच्या डोळ्यांचे आणि उघडिपीचे.

पहिल्या दिवशी पीतता होती की नव्हती, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. सांगता येत नाही, हीच आमची चूक. रक्तातील बिलिरुबिन साधारणपणे अडीच ते तीन मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर नेत्रांत पिवळेपणा दिसू लागतो, आणि आरंभीचा तो फिकट रंग योग्य प्रकाशाविना हातून निसटतो. निळ्या आच्छादनाखाली पिवळा रंग मंद होतो. उलट, पिवळ्या दिव्याखाली सर्वच पिवळसर दिसल्याने खरी पीतता वेगळी ओळखू येत नाही. हिरव्या वेलीच्या मांडवाखाली पांडुता अधिक भासते. म्हणून वर्ण, छाया व नेत्रपरीक्षा खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन अंगावर न घेता करावी. नेत्रांचा श्वेतभाग, जिभेखालील भाग आणि नखे ही तिन्ही स्थाने पाहावीत. रात्री रुग्ण आल्यास पांढऱ्या दिव्याखाली पाहून सकाळी पुन्हा पाहावे. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात शेतात चिखलपाण्यात काम केलेला ज्वररुग्ण पोटऱ्यांच्या वेदना व लाल नेत्र घेऊन आला, तर पीतता दिसण्याची वाट न पाहता रक्ततपासणीस पाठवावे.

३. प्रतिच्छाया आणि अरिष्टलक्षणांची मर्यादा

त्याच अध्यायात चरकांनी प्रतिच्छायेचा विचार केला आहे. रुग्णाच्या बुबुळात दिसणारी प्रतिमा, तसेच चांदणे, ऊन, दिवा, पाणी व आरसा यांत दिसणारी त्याची आकृती विकृत असल्यास ते अरिष्ट समजावे, असे तेथे प्रतिपादन आहे. येथे 'छाया' हा शब्द कांती, सावली व प्रतिबिंब या तिन्ही अर्थांनी एकाच अध्यायात वावरतो. भाषांतरकाराने सर्वत्र 'सावली' असे लिहिले, तर वाचक गोंधळतो.

बुबुळ न्याहाळण्याची सवय वैद्याने जरूर ठेवावी. बुबुळांचा असमान आकार, प्रकाशास मंद प्रतिसाद, डोळ्यावरील पडदा या गोष्टी त्यातूनच कळतात. मात्र अरिष्ट दिसले म्हणून रुग्णास टाकून देण्याचा काळ आता राहिलेला नाही. वायवी छाया, म्हणजे रूक्ष, काळपट व निस्तेज चर्या दिसली, तर आजच्या वैद्याने 'असाध्य' असे लिहून थांबू नये. नाडी, श्वसन, रक्तदाब व प्राणवायूचे प्रमाण पाहून मोठ्या रुग्णालयाचा मार्ग धरावा. अरिष्ट हा शेवटचा निर्णय नसून पहिली धोक्याची सूचना आहे, असे आम्ही मानतो.

४. सावलीचे गुणकर्म

सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात ऊन व सावली यांचे गुण समोरासमोर ठेवले आहेत. ऊन पित्त, तहान, स्वेद, मूर्च्छा, भ्रम व दाह वाढविते, त्वचेचा वर्ण बिघडविते. सावली हे सर्व दूर करते. चरकांच्या स्वेदाध्यायात अग्नीविना होणाऱ्या दहा स्वेदांत आतप, म्हणजे ऊन, मोजले आहे. अर्थात ऊन हे औषध आहे आणि औषध असल्यामुळेच त्याला मात्रा आहे. ग्रीष्मचर्येत वाग्भटांनी दुपार उंच वृक्षांच्या दाट सावलीत घालविण्यास सांगितले, त्यामागेही हेच कारण आहे.

हा विषय जुना वाटत असेल, तर १६ एप्रिल २०२३ चे खारघर आठवावे. उघड्या मैदानातील समारंभात तासन् तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. किनारपट्टीवर तापमानाचा आकडा फार मोठा नसतो, पण हवेतील ओलाव्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. म्हणून कोकणात सावली म्हणजे केवळ डोक्यावर छप्पर नव्हे, सावली आणि वारा दोन्ही हवेत. तापलेल्या पत्र्याखाली कोंडलेल्या जागेत बसलेला मनुष्य सावलीत आहे, असे आम्ही म्हणणार नाही. हीच गोष्ट औषधी द्रव्यांसही लागू आहे.

५. छायाशुष्क : भैषज्यकल्पनेतील अर्थ

अंजनाच्या वर्ती, अनेक गुटिका आणि पत्र-पुष्पवर्गातील द्रव्ये यांच्या संदर्भात 'छायाशुष्क' हा शब्द वारंवार येतो. त्याचा हेतू स्पष्ट आहे. तुळशीसारख्या सुगंधी द्रव्यांतील तैलांश उन्हाने उडून जातो. ब्राह्मी, माका, भुईआवळा यांसारख्या कोवळ्या वनस्पती उन्हात करपून रंग सोडतात. वर्ती उन्हात ठेवल्यास वरून लवकर सुकते, आत ओली राहते आणि तडकते. उलट, जाड मुळे, साली व कठीण फळे यांना ऊनच योग्य. शिलाजतूचा सूर्यतापी प्रकार तर उन्हावाचून होत नाही. आपल्या घरोघरी होणारे आमसूलही पाहावे. रातांब्याची साल त्याच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून कडक उन्हात वाळवितात. ही एक प्रकारची भावनाच आहे, आणि ती सावलीत केली तर पदार्थ नासतो.

थोडक्यात, छायाशुष्क या शब्दात दोन पदे आहेत. पहिले पद 'छाया' हे साधन सांगते, दुसरे पद 'शुष्क' हे साध्य सांगते. आपण साधनाकडे लक्ष देतो आणि साध्य विसरतो. सावलीत ठेवले, पण वाळले नाही, तर ते द्रव्य छायाशुष्क नव्हे, छायाक्लिन्न होय.

६. 'शेड' या शब्दाने केलेला घात

आमच्या लहानशा औषधशाळेत एकदा भाद्रपदात भुईआवळा गोळा केला. फळ्यावर आम्हीच घाईघाईने लिहिले, 'शेडमध्ये वाळविणे'. आमच्या मनात इंग्रजी शब्दाचा 'सावली' हा अर्थ होता. कामगाराने मागील पत्र्याच्या शेडमध्ये, तीन बाजूंनी बंद जागेत, जमिनीवर गोणपाट पसरून त्यावर वीतभर जाड थर रचला. आठवड्याने पाहतो तो वरचा थर कोरडा, खालचा काळपट, उबट वासाचा आणि पांढऱ्या-हिरव्या बुरशीने जागोजागी माखलेला. रागावलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुमीच लिवलास मां, शेडमध्ये म्हणान." त्याचे काहीच चुकले नव्हते. इंग्रजीतले दोन निराळे शब्द देवनागरीत एकसारखे लिहिले जातात, हे ध्यानात ठेवणे आमचे काम होते. बाजारातील मालाच्या पावतीवर 'शेड ड्राय' असे लिहून येते, तेव्हा त्यातून झाडाची सावली अभिप्रेत आहे की पत्र्याचे छप्पर, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

सोबतच्या एका हितचिंतकाने सुचविले की, वरची बुरशी झटकून दोन दिवस कडक ऊन द्यावे आणि चूर्ण करावे, कोणास कळणार नाही. मोह झाला हे कबूल करतो. मेहनत सगळ्यांची होती आणि माल थोडका नव्हता. पण हे द्रव्य आम्ही कोणास देणार होतो? कामलेच्या रुग्णास. आणि बुरशीचे विष कोठे आघात करते? यकृतावर.

अस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधील आदिवासी खेड्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने कावीळ व जलोदराची साथ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली. हे विष साध्या उकळण्याने वा उन्हाने पुरेसे नष्ट होत नाही. बुरशी झटकली तरी विष द्रव्यात राहू शकते, आणि चूर्ण केल्यावर तर ते डोळ्यांना मुळीच दिसत नाही. प्रत्येक बुरशी हे विष करतेच असे नाही, पण कोणती करते हे पाहून सांगता येत नसल्याने शंकित माल टाकणे एवढाच सुरक्षित मार्ग उरतो. आम्ही तो सर्व माल पुरून टाकला.

७. व्यवहारोपयोगी सूचना

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो. ग्रंथातील विधान येथे आचरताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) 'शेड' हा शब्द फळ्यावर, पावतीवर व नोंदवहीत वापरू नये. 'सावलीत, वाऱ्यावर, पातळ थरात' असे पूर्ण लिहावे.

(२) द्रव्य जमिनीवर पसरू नये. बांबूच्या तट्ट्यावर किंवा जाळीच्या चौकटीवर, जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर, बोटभर थर ठेवावा आणि दिवसातून दोनदा उलटावा.

(३) जागा दोन समोरासमोरच्या बाजूंनी मोकळी असावी. उन्हाळ्यात माडाच्या झावळ्यांचा मांडव उत्तम, कारण तो पत्र्यासारखा तापत नाही.

(४) पावसाळ्यात निव्वळ सावलीवर विसंबू नये. हवाच ओली असताना द्रव्य वाळत नाही. अशा वेळी पंखा व मंद उष्ण हवेची कपाट-पेटी वापरावी. सुगंधी द्रव्यांस चाळीस अंशांच्या आत, इतर पत्रवर्गास पन्नास अंशांपर्यंत उष्णता द्यावी. प्रकाश टाळून उष्णता देणे हे छायाशुष्क या संकल्पनेस बाधक नाही, असे आमचे मत आहे.

(५) वाळल्याची खात्री हाताने नव्हे, तराजूने करावी. नमुना वेगळा ठेवून रोज तोलावा आणि वजन स्थिर होईपर्यंत वाळवणी थांबवू नये. प्रयोगशाळेत १०५ अंशांवर वाळवून वजनातील घट मोजण्याची पद्धत फार्माकोपियात आहेच. शंकास्पद मालासाठी ती तपासणी आणि बुरशी-अफ्लाटॉक्सिनची तपासणी अवश्य करून घ्यावी.

(६) औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाची साठवण व नोंद ठेवताना वाळवणीची जागा, पद्धत व दिवसही लिहावेत. पुढे दोष आढळल्यास मूळ सापडते.

(७) वैद्यांनी पुरवठादारास 'कोणत्या महिन्यात गोळा केले, कोठे वाळविले' हे दोन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा. विचारणारा असला की वाळविणाराही जपतो.

उपसंहार

एकाच शब्दाने आम्हांस दोनदा चकविले. एकदा चुकीच्या छायेत बसून आम्ही रुग्णाची छाया पाहू शकलो नाही आणि एकदा छायेच्या नावाखाली कामलेच्या औषधास बुरशी लावली. दोन्ही वेळा ग्रंथ बरोबर होता. आम्ही शब्द वाचला, पण त्यामागील क्रिया वाचली नाही.

आता आमच्या पडवीवरील निळी ताडपत्री गेली असून तेथे पांढरी आली आहे, आणि रुग्णास तपासण्याची खुर्ची खिडकीशी हलविली आहे. फळ्यावर 'शेड' हा शब्द दिसत नाही. हे बदल अगदी किरकोळ आहेत. वैद्यबांधवांनी व औषधनिर्मात्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी आपल्या दवाखान्यात उजेड कोठून येतो आणि आपल्या वाळवणीच्या जागेत वारा कोठून येतो, एवढे उठून पाहावे, अशी नम्र विनंती आहे.